मुलग्यांशी कोण बोलणार? (वयात येणारी मुलं, शाळा आणि आपण)

पऱ्ह्याकाठची

मी रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लगेच मुलं ओळखू येतील. वर्गातली निम्मी पोरं मच्छीमारांची. उरलेल्यांत काही कलमांच्या बागा असलेल्यांची, आणि बरीचशी अशी की वडील मुंबईला, आई शेतात नाहीतर काजूच्या कारखान्यात आणि घरी आजी-आजोबा.

दरवर्षी आमच्याकडे एक कार्यक्रम होतो. तालुक्याहून कोणीतरी मॅडम येतात. सातवी ते दहावीच्या मुलींना हॉलमध्ये बसवतात, दारं लावतात, तासभर पाळीवर बोलतात, पॅडचं एकेक पाकीट वाटतात, फोटो काढतात, जेवतात आणि जातात. तेवढा वेळ मुलगे मैदानात क्रिकेट खेळतात. मुलींना त्यातून कळतं की हे मुलग्यांपासून लपवायचं असतं. मुलग्यांना कळतं की आत काहीतरी चाललंय आणि त्यावर खिदळायचं असतं.

गेल्या वर्षी मी प्रयोगशाळेच्या खिडकीत खडूचा रिकामा खोका ठेवला, वर चीर पाडून. नाव घालायचं नाही, मनात येईल ते विचारा. सुरुवातीला त्यातून चॉकलेटचे कागद आणि एक मेलेलं झुरळ निघालं. मग हळूहळू चिठ्ठ्या यायला लागल्या. काही डाव्या हाताने लिहिलेल्या, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. एकाने तर वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवली होती, खंडणीच्या पत्रासारखी. आणि बहुतेक चिठ्ठ्या मुलग्यांच्या!

थोड्या इथे देते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

'रात्री झोपेत चड्डी ओली होते. एसटी स्टँडच्या भिंतीवर लिहिलंय तो गुप्तरोग हाच का?'
'माझ्या छातीत गाठ आलीय. मी मुलगा आहे.'
'ती आधी बोलायची, आता बोलत नाही. मला जेवण जात नाही.'
'पप्पा बोटीवर असतात. आईला असलं कसं सांगू?'
'राग आला की मी भिंतीवर हात आपटतो. मग बरं वाटतं. हे वाईट का?'

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजनन आहे, ऋतुचक्र आहे, आकृत्या आहेत. पण तो धडा येईस्तोवर पोरगं पंधराचं झालेलं असतं, आणि शरीर बदलायला लागलेलं असतं सहावीत. शिवाय भिंतीवर हात आपटणाऱ्याला कुठली आकृती दाखवू?

शरीराची उत्तरं मी देते, त्यात मला संकोच नाही. पण मुलग्यांना पुरुषाच्या तोंडून ऐकायचं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. घरात पुरुष नसतो, आणि शाळेतले सर 'तुम्हीच बघा हो मॅडम' म्हणून मोकळे होतात. तुमच्याकडे काय करतात? पालक आहेत, डॉक्टर आहेत, इथे सगळे आहेत. लिहा.

सुरंगीचा वळेसर

ताई, फार बरं केलंत धागा काढलात. मी देवगड तालुक्यातली, मुलगी आठवीत. मुलग्यांचं मला माहीत नाही, पण माझा एक प्रश्न आहे आणि तो इथल्या बऱ्याच आयांचा असणार.

गणपतीत काय करायचं? लेकीला पाळी सुरू होऊन वर्ष झालंय, अजून तारखेचा पत्ता नाही. गेल्या गणपतीत ऐन गौरीच्या ओवशाला तिला पाळी आली. सगळे चाकरमानी घरी, तीस-पस्तीस माणसं, आणि ही मागच्या पडवीत एकटी. चुलत भाऊ येऊन विचारतात, 'तू आत का नाय येत?' तिने मला विचारलं, मी काय केलंय म्हणून? मला उत्तर देता आलं नाही. यंदा जाऊबाई म्हणतायत, मेडिकलमधून गोळ्या आण, आपण सगळ्या घेतो. तेराव्या वर्षी द्यायच्या का?

जुनं खोड

माझं मत रुचणार नाही, तरी लिहितो.

शाळेने गणित शिकवावं, विज्ञान शिकवावं. हे विषय घरचे आहेत. २००७ साली लैंगिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारला तो थांबवावा लागला. तेव्हा विरोध करणारे सगळेच काही मागासलेले नव्हते. त्या पुस्तकांतली चित्रं पाहून शिक्षकच वर्गात जाईनात. आमच्या वेळी कोणी काही शिकवलं नाही, तरी संसार झाले, मुलंबाळं झाली. नको त्या वयात नको ते सांगितलं की कुतूहल वाढतं.

खाजणातला खेकडा

काका, तुमचा मान राखून बोलतो. आमच्या वेळीही कोणी शिकवलं नाही. आमचा गुरू होता एका मित्राचा मोठा भाऊ आणि त्याचा मोबाइल. कुतूहल तुम्ही वाढवा न वाढवा, ते असतंच. आणि ते भागवायला आता बंदरावर चांगलं फोरजी येतं.

ताई, ती गाठीची चिठ्ठी वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. मी गुहागरकडचा, आता चोविशीत आहे. आठवी-नववीत मला हेच झालं होतं. डाव्या बाजूला आधी, दुखायचं, शर्ट घासला तरी कळ यायची. मला वाटलं कॅन्सर. मग पोरांनी पाहिलं आणि नाव ठेवलं, ते नाव इथे लिहीत नाही. उन्हाळ्यात सगळे खाडीत उड्या मारायचे आणि मी बनियन घालून काठावर. 'सर्दी झालीय' म्हणायचो. अख्खा मे महिना सर्दी! घरी कोणाला बोललो नाही. बाबा मुंबईला होते, रविवारी फोनवर 'अभ्यास काय म्हणतो' याच्या पुढे गाडी जायची नाही. दीड-एक वर्षाने ते आपोआप गेलं. 'हे होतं आणि जातं' एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर दोन उन्हाळे पोहलो असतो.

रातांबा

मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, दक्षिण रत्नागिरीत. एकेक घेते, लांबेल.

आधी गाठ. खेकडेदादा, तुम्हाला झालं ते निम्म्याहून अधिक मुलग्यांना कमीजास्त होतं. वयात येताना हार्मोनचा तोल वरखाली होतो, स्तनाग्राखाली बटणाएवढी दुखरी गाठ येते, कधी एकाच बाजूला, आणि बहुतेकांची दोन वर्षांच्या आत विरते. खूप मोठी झाली, लालसर झाली, त्यातून स्राव आला किंवा वयात येण्याची बाकी लक्षणं नसताना आली तरच दाखवा. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

झोपेत वीर्य जाणं हा आजारच नव्हे. वीर्य तयार व्हायला लागलं, एवढाच त्याचा अर्थ. अशक्तपणा येत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. हस्तमैथुनानेही येत नाही. स्टँडवरच्या भिंतीवर नंबर लिहून जाणारे वैदू या भीतीवरच जगतात. माझ्याकडे कॉलेजची मुलं येतात, कुठल्यातरी लॉजवर बसणाऱ्याला हजारो रुपये देऊन मग येतात. आई-बापाचे पैसे नव्हेत, बागेत आंबे उतरवून मिळवलेले स्वतःचे.

केव्हा काय होतं त्याचा साधारण अंदाज द्यावा. मुलींमध्ये आठ ते तेरा या वयात छातीपासून सुरुवात होते आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलग्यांची सुरुवात नऊ ते चौदामध्ये, वृषणांची वाढ आधी होते, आवाज आणि मिशी नंतर. म्हणून सातवीत मुली उंच दिसतात आणि मुलगे बुटके, मग नववी-दहावीत उलटतं. मुलीला तेराव्या वर्षापर्यंत काहीच बदल नाही, किंवा पंधरापर्यंत पाळी नाही, तर दाखवायचं. मुलग्यात चौदापर्यंत काहीच नसेल तर दाखवायचं. बहुतेक वेळा काही निघत नाही, बापाचंही तसंच उशिरा झालेलं असतं.

आता सुरंगीताईंचा प्रश्न. पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असते, २१ दिवसांनी येईल नाहीतर ४५ दिवसांनी, दोन्ही चालतं. पुढे ढकलायची गोळी म्हणजे बहुतेक नोरेथिस्टेरॉन. ती अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. तुमच्या लेकीची तारीखच ठरलेली नाही, मग तीन दिवस आधी म्हणजे केव्हा? अंदाजाने पंधरा-पंधरा दिवस गोळ्या खाल्लेल्या मुली गणपतीनंतर माझ्याकडे रांगेने येतात. मळमळ, डोकं दुखणं, मग अंगावर जास्त जाणं. प्रौढ बाईने डॉक्टरला विचारून कधीतरी घेतली तर सहसा बिघडत नाही. पण रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास घरात कोणाला असेल, अर्धशिशी असेल, तर तेही चालत नाही. जाऊबाईंच्या डब्यातली गोळी तेरा वर्षांच्या मुलीला देऊ नका, एवढं स्पष्ट सांगते.

आणि तिने विचारलं ना, मी काय केलंय? तिने काही केलेलं नाही, हे तिला आईच्या तोंडून कळायला हवं. पडवीचं काय करायचं ते तुमचं घर ठरवेल, मी डॉक्टर आहे, सासू नाही.

सुरंगीचा वळेसर

डॉक्टर, मनापासून आभार. गोळ्या रद्द. पडवीचं बघते. सासूबाईंशी मीच बोलेन, नवऱ्याला मध्ये घातलं की भलतंच होतं.

वाडीतली आशा

माका पण बोलाचा आसा. मी आशा म्हणान काम करतंय, सिंधुदुर्गात. चेडवा माका सगळा इचारतत, पण झिलगे माका बघून वाट बदलतत.

(म्हणजे मी गावची आशा सेविका. मुली मला सगळं विचारतात, मुलगे मला बघून वाट बदलतात. आता प्रमाण भाषेत लिहिते, नाहीतर निम्म्यांना कळायचं नाही.)

२०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, मुलगे त्यात आहेतच. पण प्रत्यक्षात आम्ही जातो ते मुलींकडे, कारण आम्ही सगळ्या बायका. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक असतात, फुकट आहे. मुलग्यांना ते ठाऊकच नसतं. ठाऊक झालं तरी एसटीने तालुक्याला जायचं, तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, इथेच अडतं.

आठवड्याची निळी लोहाची गोळीसुद्धा मुलग्यांसाठी आहे. शाळेत मुलगे म्हणतात, ती बायकांची गोळी. फेकून देतात. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शी काळी होते, मग गावभर होतं की गोळी विषारी आहे. शिक्षकांनी जेवणानंतर, आपल्या डोळ्यांसमोर आणि आधी स्वतः खाऊन दिली तर मुलं घेतात. हे आमच्या एका शाळेत पाहिलंय.

आणखी एक. पॅडवर सगळे बोलतात, कपड्यावर कोणी नाही. आमच्याकडे अजून पुष्कळ मुली कापड वापरतात आणि कापड वाईट नाही. प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर इथे काही वाळत नाही. मुली ओल्या टॉवेलखाली, माळ्यावर, नाहीतर पलंगाच्या मागे कापड लपवून वाळवतात. ते दमटच राहतं, मग जांघेत खाज, पुरळ. उन्हाळ्यात उघड्यावर ऊन मिळतं, पण लाज वाटते म्हणून घालत नाहीत. मी सांगते, पावसात इस्त्री फिरवा, दोन घड्या जास्त ठेवा. आणि शाळेच्या संडासात एप्रिलमध्ये पाणी नसतं त्याचं काय? टाकी कोरडी. मुली त्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. सगळी शिबिरं घेऊन झाली की मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो, बादलीत पाणी आहे का?

जुनं खोड

पाण्याच्या मुद्द्याला अनुमोदन. ग्रामपंचायतीत मीही हा विषय काढलाय.

बांगड्याचं तिखलं

मी बोटवाला. दोन पोरगे, एक नववीत. धाग्याच्या नावावरून वाटलं आमच्यावरच आहे, म्हणून वाचला.

बाई, तुम्ही म्हणता घरात पुरुष नसतो. खरं आहे. हंगामात आम्ही पहाटे निघतो, ट्रॉलरवाले तर आठ-आठ दिवस बाहेर. किनाऱ्याला आलो की झोप. पोरगा माझ्यासमोर वाढतच नाही, प्रत्येक वेळी एकदम मोठा झालेला दिसतो. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा आम्ही कुठे असतो? घरी! जाळी विणायला, बोटीला रंग मारायला. दोन महिने बाप वाडीत बसून आहे, आणि तुमची पालकसभा असते जानेवारीत. जानेवारीत कोण येणार? आया येतात.

जून-जुलैत बोलवा. आणि शाळेत नको. शाळेत बाकावर बसलं की आम्हाला मास्तरांची भीती वाटते अजून. तुम्ही किंवा डॉक्टर बंदरावर या, जाळ्याच्या शेडमध्ये. हात कामात असले की माणूस ऐकतो, मान वर करून बघावं लागत नाही. पोरगाही शेजारी सुई भरायला बसलेला असतो.

माझ्या पोराने परवा विचारलं, 'पप्पा, तुमका मिशी कधी इली?' मी सांगितलं, अकरावीत. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढंच हवं होतं त्याला.

पऱ्ह्याकाठची

तिखलंदादा, जून-जुलै! हे मला का सुचू नये? आमची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, पहिल्या आठवड्यात कोणाला काही काम नसतं. आणि चाकरमानी बापांसाठी गणपतीच्या आधीचे दोन दिवस नाहीतर शिमगा. पालखी दारात यायच्या आधी तास-दोन तास सगळे गप्पा मारतच असतात.

भावनांबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही, म्हणून सांगते. 'ती बोलत नाही' ही चिठ्ठी मी नववीच्या वर्गात घेतली, मुलगे-मुली एकत्र बसवून. कोणाची आहे ते मलाही माहीत नाही. एक मुलगा, एक मुलगी, इन्स्टावर बोलायचे, एके दिवशी तिने ब्लॉक केलं. आता त्याने काय करायचं? मुलग्यांची उत्तरं धडाधड आली. दुसऱ्या आयडीवरून रिक्वेस्ट पाठवायची. तिच्या मैत्रिणीला विचारायचं. दुःखी स्टेटस टाकायचं. ती ट्यूशनहून येते त्या वळणावर उभं राहायचं. मुली गप्प होत्या. मग एकजण म्हणाली, 'वळणावर कोणी उभं असलं की मी दुसऱ्या रस्त्याने येते, लांबून, काळोखातनं.' वर्गात शांतता. मुलग्यांच्या डोक्यात ते सिनेमातलं प्रेम होतं. हिच्या पायाखाली तो लांबचा रस्ता होता.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, 'ठीक आहे बाई, नाही उभं राहायचं. पण त्या रात्री काय करायचं?'

आपण मुलींना 'नाही म्हणायला शिका' हे हल्ली शिकवतो. नकार ऐकल्यावर त्या रात्री काय करायचं हे मुलग्यांना कोणीच शिकवत नाही. आम्ही उरलेला तास त्यावरच घालवला. फोन आईच्या उशाशी ठेवायचा, रात्री काही टाइप करायचं नाही. कोणाला तरी सांगायचं, पण जो आगीत तेल ओतेल त्याला नाही. रडू आलं तर रडायचं. त्यावर हसणाऱ्याला मी बाहेर काढेन असं आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कबड्डीला जायचं, शरीर थकवायचं. भिंतीवर हात आपटणाऱ्याचंही उत्तर त्यातच निघालं, एका मुलाने सुचवलं, 'बाई, रहाटाने पाणी काढायचं.'

काळा कोट

चर्चा छान आहे, पण एक बाजू राहतेय. मी रत्नागिरीत वकिली करतो.

२०१२ च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालचं प्रत्येकजण 'बालक'. त्या वयाच्या मुलीची संमती कायद्यापुढे संमती ठरत नाही. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळाची मुलगी पळून मुंबईला जातात, घरचे तक्रार करतात, मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो. एकोणीसचा असेल तर थेट सत्र न्यायालयात. 'पण सर, आमचं प्रेम आहे' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. हे कोणी नववीत सांगितलं असतं तर, असं प्रत्येक वेळी वाटतं. कायदा बरोबर की चूक यावर न्यायालयांतही वाद झडतात, पण पोरांना तो माहीत असायला हवा. हा कायदा मुलग्यांचंही संरक्षण करतो, हे तर पालकांच्याही गावी नसतं. मुलग्यावर अत्याचार झाला तरी तो याच कायद्याखाली गुन्हा.

फोटोचं तसंच. अल्पवयीन मुलीचा उघडा फोटो पुढे पाठवणारा, तो कोणी काढला याच्याशी संबंध नसला तरी, गुन्हेगार ठरतो. 'मी फक्त फॉरवर्ड केला' हा बचाव नाही.

आणि मॅडम, तुमच्या खोक्याबद्दल. उद्या एखाद्या चिठ्ठीत कोणी लिहिलं की काका असं करतात, तर कलम १९ प्रमाणे तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागेल. न कळवणं हाही गुन्हा आहे. तेव्हा 'मी कोणालाच सांगणार नाही' असं मुलांना वचन देऊ नका.

पऱ्ह्याकाठची

वकीलसाहेब, खोक्यावर तसंच लिहिलंय. 'तुम्हाला कोणी इजा करत असेल तर मी गप्प बसणार नाही, मदत आणेन.' खाली चाइल्डलाइनचा १०९८ आहे आणि मन फारच जड झालं तर मानसिक आधाराच्या टेलिमानसचा १४४१६. पळून जाण्याचं कायद्याचं मात्र माझ्याकडून राहत होतं. तुम्ही याल का शाळेत एखाद्या शनिवारी? कोट घालून या, पोरांवर छाप पडते.

काळा कोट

येतो. जेवण काय?

पऱ्ह्याकाठची

तिखलंदादांना विचारा.

हर्णैचा दीप

थोडं विषयांतर. दापोलीजवळचं मुरूड हे कर्व्यांचं गाव. धोंडो केशव सगळ्यांना माहीत असतात, त्यांचे चिरंजीव रघुनाथरावांचं नाव काढलं की लोक अजून इकडेतिकडे बघतात. त्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचक पत्रं पाठवायचे, हस्तमैथुनापासून सगळं विचारायचे, आणि ते सरळ मराठीत उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. जुन्या खोडकाका, 'आमच्या वेळी कोणी शिकवलं नाही' म्हणता, शिकवायला एकजण होता हो, तोही आपल्याच तालुक्याच्या गावचा. आपण त्याला कोर्टात खेचलं.

जुनं खोड

कर्व्यांबद्दल मला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत त्याचे अंक होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आम्ही भावंडं चोरून वाचायचो. असो.

सगळं वाचलं. नववीत मुलगे-मुली एकत्र बसवून असलं बोलणं मला अजूनही पटत नाही. आधी वेगवेगळं बसवा, बोलायला शिकवा, मग एकत्र. एवढं तरी ऐका.

डॉक्टरांना एक विचारायचंय. माझा नातू आठवीत, माझ्याकडेच असतो. आमच्या वाडीच्या भजनी मंडळात लहानपणापासून गातो, गळा चांगला आहे. गेल्या दोन महिन्यांपासून भजनाला यायलाच तयार नाही. ओढून नेला तर तोंड हलवतो, आवाज काढत नाही. एकादशीला गजर चालू असताना मध्येच आवाज फाटला आणि दोन-चार पोरं हसली, तेव्हापासून. बुवा म्हणतात गळ्यावर जोर दे, खुलेल. खडीसाखर, ज्येष्ठमध सगळं करून झालं.

रातांबा

काका, त्याचा आवाज फुटतोय. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंठमणी पुढे येतो. नव्या वाद्यावर हात बसेपर्यंत आवाज मध्येच घसरतो नाहीतर चिरकतो. काही महिने, कधी वर्षभर. औषधाची गरज नाही, खडीसाखर खायला हरकत नाही. फक्त जोर द्यायला लावू नका, वरच्या पट्टीत तर अजिबात नको, त्याने गळा दुखावतो. बुवांना सांगा, जमेल त्या खालच्या सुरात हळू गुणगुणू दे, नाहीतर सध्या गाणंच नको. आणि हसणाऱ्या पोरांना बुवांनीच एकदा सांगावं की आपलाही असाच फाटला होता. बुवांचं ऐकतील, माझं नाही ऐकणार.

तोवर त्याला मंडळातून तुटू देऊ नका. हातात काहीतरी द्या.

खाजणातला खेकडा

मृदंग द्या काका! माझा आवाज फुटला तेव्हा मी चकवा (भजनातलं वाद्य) वाजवायला लागलो, अजून वाजवतो.

जुनं खोड

मृदंगाचं त्याला वेड आहेच, जेवायच्या ताटावर वाजवत असतो. आज शनिवार, रात्री मंडळ बसेल, बुवांच्या कानावर घालतो. एकत्र बसवण्याला माझा विरोध कायम आहे, तो नोंदवून ठेवा.